अनन्यभाव आणि मूर्ती : ब्रह्मा घाटाच्या मराठी काशीतून निघालेला एक वाद

वाराणसीतील पंचगंगा घाटाकडून गंगेच्या प्रवाहाबरोबर उत्तरेकडे निघाले की आधी दुर्गा घाट आणि त्याला लागूनच ब्रह्मा घाट येतो. स्कंदपुराणातील काशीखंडात या नावामागची कथा आहे. दिवोदास राजाच्या हातून काशी सोडवावी म्हणून शिवाने ब्रह्मदेवाला धाडले. तो वृद्ध ब्राह्मणाच्या वेषात आला, राजाकडून त्याने दहा अश्वमेध करवून घेतले आणि सोपविलेले काम तसेच ठेवून काशीतच राहिला. ज्याचे देऊळ भारतात शोधावे लागते त्या ब्रह्मदेवाला इथे एक घाट आणि ब्रह्मेश्वराचे लिंग मिळाले ते असे. घाटाचा बांधीव इतिहास मात्र पेशवाईतला आहे. पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास ब्रह्मा घाट आणि दुर्गा घाट यांची बांधकामे करविली आणि घाटाच्या वरच्या बाजूस मराठी ब्राह्मणांची वस्ती वाढली. शेजारच्या पंचगंगेवर औरंगजेबाच्या काळात पाडलेल्या बिंदुमाधवाची पुढे औंधच्या पंतप्रतिनिधींनी पुन्हा स्थापना केली, तेव्हा हा सारा किनाराच मराठी उपासनेचा झाला.

या वस्तीची मुळे त्याहून जुनी होती. पैठणहून सोळाव्या शतकात आलेल्या रामेश्वर भट्टांच्या घराण्यात ‘त्रिस्थलीसेतू’ लिहिणारे नारायण भट्ट झाले, १६१२ मध्ये ‘निर्णयसिंधु’ पूर्ण करणारे कमलाकर भट्ट झाले आणि १६७४ मध्ये शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्टही झाले; एकनाथांनी आपली भागवतटीका १५७३ मध्ये काशीतच पुरी केली. कोणत्या देवाची, कोणत्या तिथीला, कोणत्या द्रव्याने पूजा करावी याचा निर्णय महाराष्ट्रातील गावोगावचे भिक्षुक ज्या ग्रंथांवरून देत, त्यांतले कितीतरी ग्रंथ काशीतील मराठी पंडितांनी लिहिलेले होते. म्हणून या मोहल्ल्यातल्या एका मराठी शास्त्र्याने मूर्तिपूजा सोडून ख्रिस्ती होणे ही एका घरापुरती गोष्ट राहणे शक्य नव्हते. ते शास्त्री म्हणजे नीळकंठशास्त्री गोऱ्हे, पुढचे फादर नहेम्या गोऱ्हे.

त्यांनी काय सोडले हे कळण्यासाठी त्या काळच्या मराठी ब्राह्मण घरातील देवघर थोडे जवळून पाहावे लागते. मध्यभागी पंचायतन असे. पंचायतन म्हणजे विष्णू, शिव, गणपती, देवी आणि सूर्य या पाच देवतांची एकत्र मांडणी, ज्यात कुळाची इष्टदेवता मधोमध आणि इतर चार कोपऱ्यांत बसवितात. या देवतांना हातपाय-डोळे असलेच पाहिजेत असे नाही. विष्णू म्हणजे गंडकी नदीतला काळा शाळिग्राम, शिव म्हणजे नर्मदेतले गुळगुळीत बाण आणि गणपती म्हणजे शोण नदीतला तांबडा दगड. तांब्याच्या ताम्हनात त्यांना पंचामृताने आणि मग शुद्धोदकाने स्नान घालायचे, सहाणेवर उगाळलेले गंध लावायचे, कालची सुकलेली फुले म्हणजे निर्माल्य काढून तुळस-बेल वाहायचा, नैवेद्य दाखवायचा आणि शेवटी तीर्थ घ्यायचे, असा तो रोजचा क्रम असे. शास्त्राने इथे एक सूक्ष्म भेद केलेला आहे. मातीच्या किंवा धातूच्या मूर्तीत मंत्रांनी देवतेचे प्राण आणावे लागतात, त्याला प्राणप्रतिष्ठा म्हणतात, आणि पार्थिव गणपतीसारख्या मूर्तीचे पूजेनंतर विसर्जन करतात. शाळिग्राम आणि बाण यांत देवता स्वभावतःच आहे असे मानल्यामुळे त्यांना प्रतिष्ठा लागत नाही. ‘दगडाला देव मानतात’ या बाहेरच्या आक्षेपात हा भेद कधीच दिसत नाही, आणि तो करणारा पंडित त्या आक्षेपाने हलतही नाही. गोऱ्ह्यांचा पुढचा सारा प्रवास या पार्श्वभूमीवर वाचावा लागतो.

मूर्तिपूजेच्या निषेधाची ख्रिस्ती बाजूची कल्पना मुळात यहुद्यांची आहे. मोशेला सीनाय पर्वतावर मिळालेल्या दहा आज्ञांपैकी पहिली दुसरा देव न मानण्याची आणि दुसरी कोरीव मूर्ती करून तिला नमन न करण्याची. कॅथलिक आणि लूथरपंथी परंपरेत या दोन्ही एकाच आज्ञेत मोजतात, म्हणून पुढच्या आज्ञांचे आकडे एकाने सरकतात. या आज्ञांमागे करार आहे, म्हणजे देव आणि त्याची प्रजा यांनी परस्परांशी बांधून घेतलेले नाते. होशेय या संदेष्ट्याने ते नाते विवाहाचे मानले आणि मूर्तिपूजेला व्यभिचार म्हटले, त्यामुळे बायबलमध्ये मूर्तीचा प्रश्न मुख्यतः निष्ठेचा होतो, दगडाच्या गुणधर्माचा राहत नाही. मराठी वाचकाला हे रूपक परके वाटण्याचे कारण नाही. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना भक्तीला ‘अव्यभिचारिणी’ हेच विशेषण लावले आहे आणि तिच्या जोडीला ‘अनन्य’ हा शब्द आहे. अनन्य म्हणजे ज्याला दुसरे कोणी उरलेले नाही असा. ज्ञानेश्वरांपासून एकनाथांपर्यंत मराठी टीकाकारांनी हा शब्द इतका वापरला की तो कीर्तनातून घरोघर पोहोचला. होशेय आणि गीता यांच्यात कसलाही ऐतिहासिक संबंध नसताना दोन्हींकडे परनिष्ठेला एकच नाव मिळावे, हा योगायोग गोऱ्ह्यांच्या चरित्रात निर्णायक ठरला.

नीळकंठशास्त्री चित्पावन, जन्म झाशीजवळ ८ फेब्रुवारी १८२५ रोजी. त्यांचे आजोबा बांद्याच्या नवाबाच्या, म्हणजे बाजीराव-मस्तानीच्या वंशजांच्या पदरी होते आणि कुटुंब पुढे काशीत स्थिरावले. तिथे नीळकंठांनी व्याकरण आणि न्याय यांचा अभ्यास केला. घराणे शैव असताना ग्रंथ वाचून विष्णूच श्रेष्ठ असा निर्णय त्यांनी तरुणपणीच केला आणि ते वैष्णव झाले. चरित्रकार हा तपशील ओझरता सांगून पुढे जातात, पण त्याचे महत्त्व मोठे आहे. पंचायतनात पाचही देवता सुखाने नांदतात आणि स्मार्त परंपरेला, म्हणजे स्मृतिग्रंथांना धरून चालणाऱ्या बहुसंख्य मराठी ब्राह्मणांना, त्यात काहीच खटकत नाही. ज्या तरुणाला त्यांतला एकच खरा हवा होता, त्याची तहान मिशनरी भेटण्यापूर्वीची होती.

संस्कृतज्ञ स्कॉटिश अधिकारी जॉन म्यूर यांनी १८३९ मध्ये ‘मतपरीक्षा’ हा ग्रंथ संस्कृत श्लोकांत लिहून ख्रिस्ती धर्म युक्तीच्या, म्हणजे तर्काच्या, कसोटीवर उतरतो आणि हिंदू शास्त्रे उतरत नाहीत असे मांडले. त्याला पंडितांनी संस्कृतातच उत्तरे दिली, आणि त्यांतील शेवटचे, सर्वांत भेदक उत्तर म्हणजे नीळकंठशास्त्र्यांनी विशीच्या उंबरठ्यावर लिहिलेला ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’. धर्माच्या बाबतीत तर्काने श्रद्धेच्या मागून चालावे, वेद आधी मानावा आणि मग त्याचा अर्थ लावण्यासाठी युक्ती वापरावी, अशी त्यांची भूमिका होती. मग म्यूर यांचेच शस्त्र त्यांनी उलटविले : पूर्वजन्म नाकारला तर जन्मतः आंधळ्याच्या आणि मुक्या जनावरांच्या दुःखाचे कारण काय, आणि थोड्या आयुष्यातील पापासाठी अनंतकाळचा नरक देणारा देव दयाळू कसा? या प्रश्नांची धार पुढे त्यांना स्वतःलाही आयुष्यभर लागत राहिली.

वादासाठीच ते चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम स्मिथ यांच्याकडे जाऊ लागले. खंडन करायचे तर मूळ वाचले पाहिजे, म्हणून त्यांनी बायबल वाचले. खंडनाचा हेतू हळूहळू मागे पडला, आणि १४ मार्च १८४८ रोजी काशीतला गोंधळ टाळण्यासाठी जौनपूर येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. बाप्तिस्मा म्हणजे पाण्याने देण्यात येणारी ख्रिस्ती प्रवेशदीक्षा. त्यांना मिळालेले नहेम्या हे नाव यरुशलेमचा ढासळलेला तट बांधण्यासाठी परदेशातून आपल्या नगरीकडे परतलेल्या यहुदी पुरुषाचे आहे. गोऱ्ह्यांच्या वाट्याला आले ते आपल्या नगरीतून बाहेर पडणे.

धर्मशास्त्राच्या दृष्टीने असा मनुष्य पतित, म्हणजे वर्णाश्रमातून खाली पडलेला. पतिताला जिवंतपणी मेलेला समजून त्याच्या नावाचा पाण्याचा घडा दासीकरवी लाथेने उपडा करण्याचा विधी मनुस्मृतीत सांगितला आहे, आणि पुढच्या निबंधकारांनी त्याला घटस्फोट हे नाव दिले. आजच्या मराठीत तोच शब्द पतिपत्नींच्या विभक्त होण्यासाठी रूढ आहे. धर्मनिष्ठा आणि विवाहनिष्ठा यांची सांगड होशेयाने काव्यात घातली, मराठीने ती व्यवहारातल्या शब्दात घातली असे म्हणता येईल. धर्म बदलणाऱ्याचा वारसाहक्क शाबूत ठेवणारा १८५० चा एकविसावा कायदा गोऱ्ह्यांच्या बाप्तिस्म्यानंतर दोन वर्षांनी आला. पत्नी लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे आल्या आणि त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पण सप्टेंबर १८५३ मध्ये काशीत मुलगी झाली आणि त्यानंतर थोड्याच काळात त्या वारल्या. त्या मुलीला, एलन लक्ष्मी गोऱ्हे हिला, एका इंग्रज मिशनरी दांपत्याने वाढविले आणि ती इंग्रजीत ख्रिस्ती गीते लिहिणारी म्हणून ओळखली गेली.

मूर्तीचा प्रश्न मराठी मुलखाच्या दुसऱ्या टोकाला यापूर्वी अगदी वेगळ्या रीतीने सोडविण्यात आला होता. गोव्यात पोर्तुगीजांनी १५४० मध्ये तिसवाडीतील आणि १५६७ मध्ये साष्टीतील देवळे पाडली, पूजाविधींना बंदी घातली, आणि ज्यांना ते मान्य नव्हते ती घराणी मूर्ती घेऊन खाड्या ओलांडून गेली. त्याच साष्टीत फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये मराठी ओवीतले ‘क्रिस्तपुराण’ छापले, ते देऊळ गमावलेल्या लोकांना पुराण तरी मिळावे म्हणून, असे मानण्यास जागा आहे. गोव्यातून दक्षिणेकडे गेलेल्या गौड सारस्वतांपैकी अनेक घराणी ज्या माध्व वैष्णव पीठाची अनुयायी आहेत, त्या काशी मठाचे मूळ स्थान ब्रह्मा घाटावरच आहे. राजसत्तेच्या भयाने मूर्ती उराशी धरून देश सोडणाऱ्यांचे गुरुपीठ आणि कोणी सक्ती केलेली नसताना मूर्ती सोडून घर गमावणाऱ्याचा मोहल्ला, हे दोन्ही एकाच किनाऱ्यावर असावेत, ही गोष्ट मूर्तिभंजनाच्या इतिहासाकडे सरधोपट नजरेने पाहणाऱ्यांनी लक्षात घ्यावी अशी आहे.

गोऱ्हे १८५४ मध्ये पंजाबचे पदच्युत महाराजा दुलीपसिंग यांच्याबरोबर पंडित म्हणून इंग्लंडला गेले. ऑक्सफर्डला मॅक्स म्यूलर यांची आणि त्यांची भेट झाली, आणि म्यूलर यांनी पुढे लिहिलेल्या आठवणींत या भेटीतील गोऱ्ह्यांची निराशा नोंदविली आहे : शुभवर्तमानात वाचलेला ख्रिस्ती धर्म त्यांना लंडनच्या रस्त्यांवर सापडला नाही, आणि हाच ख्रिस्ती धर्म असेल तर आपण ख्रिस्ती नव्हे, अशा अर्थाचे ते बोलले. ज्याने गंध-फुलांच्या देवाचा त्याग केला होता, त्याला पैशाचा आणि प्रतिष्ठेचा देव ओळखायला वेळ लागला नाही. बायबलमधील पौलाच्या कलस्सैकरांस पत्रात लोभालाच मूर्तिपूजा म्हटले आहे. ते वचन त्या देशात छापील स्वरूपात घरोघर होते.

परतल्यावर त्यांनी जे लिहिले त्याचा रोख पाहण्यासारखा आहे. हिंदीतील ‘षड्दर्शनदर्पण’ १८६० मध्ये प्रसिद्ध झाला आणि काशीच्या कॉलेजात पूर्वी शिकविलेल्या फिट्झएडवर्ड हॉल यांनी दोन वर्षांत त्याचे इंग्रजी भाषांतर छापले. या ग्रंथाचा मुख्य प्रतिपक्ष देवळातला पुजारी नसून वेदान्ती आहे. अद्वैत वेदान्तात सत्तेच्या तीन पायऱ्या मानतात : पारमार्थिक म्हणजे अंतिम सत्य असलेली, व्यावहारिक म्हणजे जगाच्या व्यवहारापुरती खरी, आणि प्रातिभासिक म्हणजे दोरीवर दिसणाऱ्या सापासारखी भासमात्र. यांतला पूजेला योग्य ईश्वर व्यावहारिक पायरीवर राहतो आणि पारमार्थिक पायरीवर भक्त व देव हा भेदच संपतो. गोऱ्ह्यांचा आक्षेप असा की ज्याला शेवटी खोटे ठरवायचे आहे त्याच्यावर निष्ठा ठेवता येत नाही, आणि जीव स्वतःच ब्रह्म असेल तर पापाची कबुली कोणी कोणाजवळ द्यायची? न्यायशास्त्रात तयार झालेल्या माणसाने नैयायिकाच्याच पद्धतीने केलेले हे खंडन आहे. भक्तिमार्गी द्वैत्यांनी शंकराचार्यांवर घेतलेल्या आक्षेपांशी त्याचे नाते मिशनरी पुस्तिकांपेक्षा जवळचे आहे. वेदान्त्यांचे समाधान त्याने झाले नाही, आणि व्हावे असेही नाही; व्यावहारिक याचा अर्थ खोटे असा लावणे त्यांना कधीच मान्य नव्हते.

काशीत मूर्तीवरचा सर्वांत गाजलेला सामना ख्रिस्ती माणसाने केलाच नाही. दयानंद सरस्वतींनी १६ नोव्हेंबर १८६९ रोजी दुर्गाकुंडाजवळच्या आनंदबागेत, काशीनरेशांसमोर, वेदांत मूर्तिपूजेला आधार नाही असा दावा मांडला, आणि त्यांना उत्तर देणाऱ्या पंडितांत बाळशास्त्री रानडे हे काशीचे मराठी विद्वान आघाडीवर होते. महाराष्ट्रात १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाने तर मूर्ती बाजूला ठेवून एकेश्वरी प्रार्थना सुरू केली होती. वरवर पाहता गोऱ्ह्यांना हे सोबती वाटायला हवे होते. प्रत्यक्षात त्यांची सर्वांत चिवट भांडणे याच लोकांशी झाली. १८६७ मध्येच, मूर्ती नाकारणाऱ्या बंगालमधील ब्राह्मो समाजाच्या अनुयायांना उद्देशून त्यांनी पत्र छापले आणि पुढे मुंबई-पुण्यात ब्राह्मो व प्रार्थना समाजाच्या मतांविरुद्ध व्याख्याने दिली. त्यांचे म्हणणे असे की प्रकटीकरण, म्हणजे देवाने स्वतःहून केलेला आपला उलगडा, नाकारून निव्वळ बुद्धीने जो दयाळू, निराकार ईश्वर ठरविला जातो, तो ठरविणाऱ्याच्या आवडीनुसारच घडलेला असतो. घडविलेल्या देवाला मूर्ती म्हणायचे तर या देवाला काय म्हणावे, हा प्रश्न त्यातून उघडच निघतो. तरुणपणी म्यूर यांच्याविरुद्ध मांडलेले ‘आधी श्रद्धा, मागून तर्क’ हे सूत्र इथे शब्दशः परत आलेले दिसते. प्रमाणग्रंथ बदलला, मांडणी तीच राहिली.

त्यांचा पुढचा प्रवास याच सूत्राला धरून आहे आणि त्यात एक गमतीदार वळण आहे. केवळ बायबल प्रमाण मानणाऱ्या मिशनऱ्यांकडून ते चर्चच्या परंपरेलाही प्रमाण मानणाऱ्या अँग्लिकनांकडे वळले, १८७० च्या सुमारास धर्मगुरू झाले आणि त्याच दशकात ऑक्सफर्डजवळच्या कौली येथील साधुसंघाचे उमेदवार बनले, जरी अखेरची व्रते त्यांनी कधी घेतली नाहीत. या पंथाच्या उपासनेत वेदी, मेणबत्त्या, धूप आणि क्रूसावरील ख्रिस्ताची प्रतिमा यांना स्थान होते. प्रोटेस्टंट टीकाकारांना हीच मूर्तिपूजा वाटे. पंथाचे उत्तर जुने होते : निकेया येथे ७८७ मध्ये भरलेल्या धर्मपरिषदेने प्रतिमेला दिलेला मान आणि फक्त देवाला द्यायची आराधना यांत भेद केला, आणि प्रतिमेचा मान ती ज्याची आहे त्याला पोहोचतो असे ठरविले. प्राणप्रतिष्ठेचा आणि शाळिग्रामाचा भेद लहानपणी शिकलेल्या माणसाला हा युक्तिवाद ऐकताना ओळखीचे काही जाणवले नसेल, असे मानणे कठीण आहे. फरक एवढाच की निकेयाच्या निर्णयात देवता प्रतिमेत येऊन राहत नाही.

आपल्या उत्तरायुष्यातील लेखनात गोऱ्ह्यांनी एक विधान केले, ज्याचा आशय असा : गीता, भागवत हे ग्रंथ कितीही चुकीचे असले तरी त्यांनी हिंदूंना अनन्यभक्ती, वैराग्य, नम्रता आणि क्षमा यांची काही ओळख करून दिली, आणि म्हणून ख्रिस्ती उपदेश ग्रहण करण्यासाठी ईश्वराने त्यांना, यहुदी सोडता, इतर कोणत्याही राष्ट्रापेक्षा अधिक तयार केले आहे. यातला पहिला शब्द कोणता, हे महत्त्वाचे. मूर्ती सोडल्यानंतर चाळीसेक वर्षांनीही एकनिष्ठेसाठी त्यांच्या मनात आलेला शब्द बायबलच्या भाषांतरातला नव्हता, पंचगंगेच्या काठी ऐकलेल्या भागवताचा होता. भागवताचे अनुयायी या विधानातील उपकारकर्त्याचा सूर मान्य करणार नाहीत हे खरे, परंतु त्या ग्रंथाला दिलेली ती कबुलीही आहे.

या युक्तिवादाचा सर्वांत प्रसिद्ध परिणाम पंडिता रमाबाईंवर झाला. इंग्लंडमध्ये असताना गोऱ्ह्यांच्या लेखी मांडणीने आपल्या शेवटच्या शंका फिटल्या असे त्यांनी स्वतः नमूद केले आहे, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या मठातील भगिनींनी घालण्यासाठी सुचविलेल्या लहानशा क्रूसावर लॅटिन अक्षरे होती. न कळणाऱ्या भाषेतली अक्षरे अंगावर का वागवायची, लिहायचेच तर संस्कृत का नको, असे रमाबाईंनी कळविले. वस्तूला मान देण्यापूर्वी तिच्यावर काय लिहिले आहे हे विचारण्याची सवय शास्त्र्याच्या घरातलीच होती.

कौली संघाचे पुण्यातील केंद्र पंचहौद मिशन. तिथे ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्यातील काही प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाला गेली, त्यांच्यापुढे चहाबिस्किटे आली, आणि ती घेतल्याच्या आरोपावरून न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक इत्यादींवर ग्रामण्य झाले; ग्रामण्य म्हणजे जातीच्या निर्बंधांचा भंग केल्याबद्दल भरणारा धर्मनिवाडा. आपण प्रायश्चित्त काशीत घेतले आहे, असे टिळकांनी त्या प्रकरणात सांगितले. पुण्यातील चहाचा दोष धुण्याला काशी लागत होती, आणि त्याच काशीतून बाहेर पडलेला शास्त्री दोष देणाऱ्यांच्या लेखी चहाच्या पेल्यापलीकडे गेला होता.

फादर गोऱ्हे २९ ऑक्टोबर १८९५ रोजी वारले. शंकांनी त्यांना शेवटपर्यंत सोडले नाही आणि त्यांनीही त्या लपविल्या नाहीत. अनंत नरकाचा प्रश्न त्यांतलाच एक. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत मुंबईला नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला होता, ज्यांनी पुढे ख्रिस्तासाठी अभंग आणि कीर्तन यांचे दार उघडले आणि अनन्यभावाला गोऱ्ह्यांना न सापडलेले मराठी गाणे दिले. विशीतल्या नीळकंठशास्त्र्यांचा ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’, ज्याच्या कर्त्याने तो नंतर स्वतःच खोडून काढण्यात हयात घालविली, तो सदाशिव लक्ष्मीधर कात्रे यांनी संपादून १९५१ मध्ये उज्जैनला छापला.